नगरपरिषदेची पर्यावरणपूरक खरेदी मागणीपत्रापासून सुरू होते

आपण एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या भांडार विभागात दीड वर्षापूर्वी रुजू झालात. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या घटकांवर गुण देणाऱ्या राज्य शासनाच्या माझी वसुंधरा अभियानाच्या तयारीत मुख्याधिकाऱ्यांनी ‘यापुढे सगळी खरेदी पर्यावरणपूरक करा’ असे तोंडी सांगितले आणि विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘न्यूनतम दर सोडून दुसरा दर घेतलात तर लेखापरीक्षणात वसुली निघेल’ अशी भीती घातली. या दोहोंच्या मध्ये आपण काय करावे, सुरुवात कोणत्या वस्तूपासून करावी आणि महाग वस्तूचे समर्थन फाइलवर कसे लिहावे, असा आपला प्रश्न आहे. मी सत्तावीस वर्षे तीन नगरपरिषदांत नोकरी केली. त्यांतली पहिली अठरा वर्षे पाणीपुरवठा विभागात आणि उरलेली भांडार व विद्युत विभागांचा एकत्रित कार्यभार सांभाळत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम हे स्पष्ट करते की आपले ज्येष्ठ सहकारी चुकीचे बोलत नाहीत. निविदा निघाली, लिफाफे उघडले, तुलनात्मक तक्ता तयार झाला आणि त्यानंतर आपण ‘हा दुसऱ्या क्रमांकाचा दर असला तरी वस्तू पर्यावरणपूरक आहे’ असे टिपणीत लिहिले, तर आक्षेप येणारच, आणि तो योग्यही असेल. ज्या निकषाची पुरवठादारांना आधी कल्पना दिली नव्हती, तो निकष लिफाफे उघडल्यावर लावणे हा अन्याय आहे. मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. अडचण न्यूनतम दराच्या नियमात नाही. अडचण अशी आहे की वस्तू निवडण्याचा विचार आपण तुलनात्मक तक्त्याच्या टप्प्यावर करू पाहत आहात, आणि तोवर निवडण्यासारखे काही हातात उरलेले नसते. न्यूनतम दर कशाचा, हे मागणीपत्र आणि तांत्रिक विनिर्देश, म्हणजे वस्तूचे लिहून दिलेले वर्णन व दर्जा, ठरवतात. ‘पंखा, ४८ इंची, नग ४०’ अशी मागणी गेली की चाळीस स्वस्त पंखे येतात आणि पुढची दहा वर्षे त्यांचे वीजबिल नगरपरिषद भरते.

नियमांचा आधार विचाराल, तर आपल्याकडे खरेदीची कार्यपद्धती राज्य शासनाच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी काढलेल्या नियमपुस्तिकेवरून आणि तिच्यातील नंतरच्या सुधारणांवरून चालते. दरपत्रके कोठवर चालतात आणि ई-निविदा कोठून लागते, या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रस्ताव लिहिताना त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय समोर ठेवावा. केंद्राचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम नगरपरिषदेला थेट लागू नसले, तरी त्यांतला १४४ वा नियम प्रत्येक भांडारपालाने एकदा तरी सावकाश वाचावा. विनिर्देश गरजेला धरून असावेत, त्यांत अनावश्यक गोष्टी घुसवू नयेत, शक्य तेथे ते राष्ट्रीय मानकांवर आधारलेले असावेत, गरजेपेक्षा जास्त साठा घेऊ नये आणि स्वीकारलेली किंमत अपेक्षित दर्जाशी सुसंगत असावी, असे तो नियम सांगतो. पर्यावरणपूरक खरेदीला याहून वेगळा कायदा लागत नाही. याच तत्त्वांवर विनिर्देश काळजीपूर्वक लिहिले, तर बहुतेक काम होऊन जाते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण घेते आणि त्यावर थोडा वेळ थांबते. ‘पर्यावरणपूरक’ म्हटले की कापडी पिशव्या, कागदी फोल्डर, रोपे अशा वस्तू डोळ्यांसमोर येतात. आपल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेचा खरा ऊर्जाखर्च मात्र गावाबाहेरच्या पंपघरात होत असतो. बारा महिन्यांची वीजबिले काढून पाहा. पाणीपुरवठ्याचा आकडा बहुधा कार्यालय, दिवाबत्ती आणि शाळा यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघेल. तरीही पंप जळाला की आपण काय करतो? ‘जुन्या पंपाच्या क्षमतेचा नवीन पंप, अश्वशक्ती अमुक’ असे पत्र निघते, तीन दरपत्रके येतात आणि सर्वांत स्वस्त पंप बसतो.

हिशेब मांडते. समजा आपल्याला ताशी २०० घनमीटर पाणी ६० मीटर शीर्षावर (म्हणजे वाहिनीतील घर्षण धरून तेवढ्या उंचीवर) चढवायचे आहे. पाणी उचलण्यासाठीच निव्वळ सुमारे ३२.७ किलोवॉट शक्ती लागते. पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर मीटरवर ५४.५ किलोवॉट भार दिसेल; ती ७० टक्के असेल, तर ४६.७ किलोवॉट. फरक ७.८ किलोवॉटचा. पंप रोज सोळा तास चालतो असे धरले, तर वर्षाचे ५,८४० तास होतात आणि फरक सुमारे ४५,५०० युनिटांचा पडतो. युनिटला आठ रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ३ लाख ६४ हजार रुपये. (दर मी सोयीसाठी धरला आहे, आपण आपल्या बिलावरील पाणीपुरवठा वर्गवारीचा प्रत्यक्ष दर घालावा.) स्वस्त आणि चांगल्या पंपांच्या किमतीतला फरक बहुतेक वेळा याहून कमी असतो, म्हणजे पहिल्या वर्षाच्या आसपासच तो भरून निघतो आणि पुढची सगळी वर्षे शिल्लक राहतात. वाचलेली वीज ही कोठेतरी न जाळलेला कोळसा असते, हे वेगळे सांगायला नको.

हा फरक निविदेत कसा आणायचा, हे मी एका वरिष्ठ विद्युत अभियंत्यांकडून शिकले. वीज कंपन्या रोहित्रे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, विकत घेताना नुसती किंमत पाहत नाहीत. रोहित्रात वाया जाणाऱ्या विजेचे आयुष्यभराचे मूल्य काढून ते किमतीत मिळवतात आणि मग न्यूनतम कोण ते ठरवतात. ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. तीच पंपाला लावता येते. वरच्या उदाहरणात एक किलोवॉट जास्त भार म्हणजे वर्षाला ४६,७२० रुपये आणि पाच वर्षांत २ लाख ३३ हजार ६०० रुपये. तेव्हा निविदेत असे लिहावे की प्रत्येक निविदाधारकाने ठरवून दिलेल्या विसर्गाला (म्हणजे ताशी किती पाणी) व शीर्षाला मीटरवर किती किलोवॉट भार येईल याची हमी द्यावी. सर्वांत कमी भाराच्या देकारापेक्षा जेवढा भार जास्त, त्याच्या प्रत्येक किलोवॉटमागे २ लाख ३३ हजार ६०० रुपये मूल्यांकनासाठी दरात मिळवले जातील. आणि या बेरजेने जो न्यूनतम ठरेल त्यालाच कार्यादेश मिळेल. पाचच वर्षे धरली आणि वीजदरवाढ धरली नाही, तर हिशेबावर कोणी फुगवटा केल्याचा आरोप करू शकत नाही. न्यूनतम दराचा नियम येथे पूर्ण पाळला जातो. फक्त ‘दर’ या शब्दात वीजही मोजली जाते.

मात्र अशी अट घातली की दोन जबाबदाऱ्या आपल्यावर येतात. पहिली म्हणजे विसर्ग आणि शीर्ष खरे मोजले पाहिजेत. मी पाहिलेल्या कितीतरी पंपघरांत पंपावरच्या पाटीवर एक शीर्ष, प्रत्यक्ष दाबमापकावर दुसरे आणि फाइलमध्ये वीस वर्षांपूर्वीचे तिसरेच असे. गाव वाढले, नवी टाकी झाली, जलवाहिनीला नवे फाटे पडले, पण पंप जुन्याच आकड्यावर घेतला जात राहिला; असा पंप आपल्या योग्य बिंदूपासून दूर चालतो आणि कितीही नामांकित असला तरी वीज खातो. दुसरी जबाबदारी चाचणीची. पंप बसवल्यावर मीटरवरचा भार आणि विसर्ग पुरवठादार आणि नगरपरिषद या उभयतांच्या समक्ष मोजावा, मापनातील थोड्या फरकाची मुभा आधीच लिहून ठेवावी आणि त्यापलीकडे भार गेला तर सुरक्षा अनामतीतून किती रक्कम कापली जाईल तेही निविदेतच असावे. चाचणीची अट नसेल, तर कागदावर कोणीही ८० टक्के कार्यक्षमता लिहून देतो. मोटारीसाठी आयएस १२६१५ या मानकातील आयई३ किंवा त्यावरील कार्यक्षमता वर्ग मागावा. त्या वर्गाच्या मोटारी अनेक उत्पादक बनवतात, त्यामुळे स्पर्धा आकसत नाही.

पंख्याचे गणितही असेच आहे. फक्त तेथे तास पाहावे लागतात. साधा जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि आजचा ब्रशविरहित मोटारीचा पंखा तीसच्या आसपास. नगरपरिषदेच्या अभ्यासिकेत पंखे दिवसाला चौदा तास फिरत असतील, तर वर्षाला प्रत्येक पंख्यामागे दोनशेच्या आसपास युनिटे वाचतात. वर्षातून दहा कार्यक्रम होणाऱ्या सभागृहात तोच महाग पंखा लावला, तर त्याची जादा किंमत वसूल व्हायला त्याचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून ‘सर्वत्र पंचतारांकितच’ असा सरसकट ठराव करू नये. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन बंधनकारक आहे, तेव्हा मागणीपत्रात तारे लिहिणे सोपे झाले आहे. प्रश्न फक्त कोणत्या खोलीसाठी किती तारे, एवढाच उरतो.

दिवाबत्तीबाबत परिस्थिती थोडी वेगळी आहे. २०१५ साली केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून पुष्कळ नगरपरिषदांत एलईडी दिवे लागले, म्हणजे पहिली मोठी बचत होऊन गेली आहे. आज आपल्यासमोर खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. एलईडी दिव्यात प्रकाश देणारा भाग सहसा आधी जात नाही. विजेचा दाब सांभाळणारा ड्रायव्हर जातो. आमच्याकडे एका पुरवठ्यात असे दिवे आले की ज्यांचे आवरण चिकटवून बंद केलेले होते. पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात ड्रायव्हर जळाले आणि हमीकाळ संपलेला असल्याने आम्हाला संपूर्ण दिवेच बदलावे लागले. अॅल्युमिनियमचे चांगले आवरण आणि चालू अवस्थेतील एलईडी भंगारात घालताना मला फार वाईट वाटले. विनिर्देश मीच लिहिले होते आणि त्यांत वॉट, लुमेन व रंग यांखेरीज काही नव्हते. त्यानंतर मी चार गोष्टी नेहमी घालत आले: ड्रायव्हर स्वतंत्रपणे काढता व बदलता येईल अशी रचना, १० किलोव्होल्टपर्यंतचे सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक उसळीपासून), धूळ-पाण्यापासून आयपी ६६ दर्जाचे संरक्षण, आणि सुटा ड्रायव्हर पुढील पाच वर्षे कोणत्या दराने मिळेल ते निविदेतच भरून घेणे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आणि प्रयोगशाळेचा प्रकाशमापन अहवाल हे तर हवेतच. माझ्या मते छोट्या नगरपरिषदेसाठी दुरुस्त होणारी वस्तू हीच सर्वांत पर्यावरणपूरक वस्तू होय, कारण नवीन खरेदीला पुन्हा निधी मिळेल याची शाश्वती आपल्याकडे कधीच नसते.

आता पर्यावरणपूरकतेच्या दाव्यांविषयी. माझी एक चूक येथे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या जागी ती सहज घडू शकते. राज्यात २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यानंतर आम्ही घाईघाईने ओल्या कचऱ्यासाठी ‘पर्यावरणस्नेही, विघटनशील’ पिशव्या घेतल्या. दरपत्रकावर हिरवे पान छापलेले होते आणि पिशव्यांवरही. खतप्रकल्पावरच्या मुकादमांनी तीन महिन्यांनी मला बोलावून खताचा ढीग दाखवला: पिशव्यांचे तुकडे तुकडे झाले होते, पण ते प्लास्टिकच होते आणि आता चाळणीतून खाली खतात उतरत होते. पूर्वीच्या साध्या पिशव्या निदान वेचून बाजूला काढता येत. हे तुकडे वेचताही येईनात. त्या पिशव्या प्लास्टिकचा भुगा होण्याचा वेग वाढवणारे रसायन घातलेल्या होत्या. खत होणाऱ्या पिशव्या ही वेगळीच गोष्ट. त्यांना आयएस १७०८८ हे मानक लागू होते आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ हे शब्द विनिर्देशात लिहू नयेत आणि पुरवठादाराच्या पत्रकात दिसले तर त्यांना काही मूल्यही देऊ नये. मानकाचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, त्याची मुदत आणि वस्तूवर छापलेले चिन्ह एवढेच पाहावे, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक पडताळून त्याची प्रत फाइलला लावावी. केंद्र शासनाची मडक्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना १९९१ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिच्या जागी नवे नियम आले, पण बाजारात ते चिन्ह असलेल्या वस्तू फार कमी दिसतात. म्हणून केवळ तेवढ्यावर अट बांधली, तर एकही निविदा येणार नाही अशी शक्यता असते.

बांधकामाच्या वस्तूंबाबत मी ठाम उत्तर देणार नाही, कारण तेथे सगळे अंतरावर अवलंबून आहे. आपले गाव चंद्रपूर, भुसावळ, परळी किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्राच्या टापूत असेल, तर राखेच्या विटा आणि पेव्हर ब्लॉक सहज आणि स्वस्त मिळतात, आणि औष्णिक केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत राखेच्या वस्तू वापरण्याविषयी केंद्राच्या अधिसूचनाही आहेत. तेच गाव सिंधुदुर्गात असेल, तर त्या विटा शेकडो किलोमीटर ट्रकने आणण्यापेक्षा स्थानिक जांभा दगड बरा. पाडकामातील काँक्रीटच्या मलब्यापासून केलेल्या खडीला आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने मान्यता दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या पायाभरणीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे. मानक आहे, पण ‘क’ वर्ग शहराजवळ मलबा प्रक्रिया केंद्र बहुधा नसते आणि दरसूचीत बाब सापडली नाही की कनिष्ठ अभियंता पुढे जायला धजत नाही. अशा वेळी दर पृथक्करण, म्हणजे साहित्य व मजुरीचा खर्च मांडून दर काढणे, करून तांत्रिक मान्यता घेता येते. मात्र पहिल्यांदा हे पदपथासारख्या कमी जोखमीच्या कामावर करावे. इमारतीच्या स्लॅबवर प्रयोग करू नये.

वाहनांविषयी थोडक्यात सांगते. विजेवरच्या घंटागाड्या सपाट, आटोपशीर गावात उत्तम चालतात, त्यांचा आवाज नसतो आणि सफाई कामगारांना दिवसभर धूर गिळावा लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला पैशांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण विक्रीपश्चात सेवा आपल्या जिल्ह्यात नसेल, तर घेऊ नयेत. बॅटरी नादुरुस्त होऊन चार महिने उभी राहिलेली गाडी कोणाच्याच उपयोगाची नसते, आणि तेवढ्या काळात भाड्याने आणलेली डिझेलची गाडी सगळी बचत खाऊन टाकते.

किती घ्यायचे, हा प्रश्न आपण विचारला नाहीत, पण भांडारपालाच्या हातात सर्वांत जास्त असलेली गोष्ट तीच आहे. पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, उदाहरण घ्या. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते आणि उष्ण, दमट गोदामात ते दर आठवड्याला घटत जाते. आमच्या कोकणातल्या गोदामात एप्रिलमध्ये वर्षभराचा साठा भरून ठेवण्याची पद्धत होती, कारण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एकदाच पुरवठा आदेश काढून मोकळे होता येत असे. पावसाळ्यात, म्हणजे पाण्याला सर्वांत जास्त गरज असताना, निम्मा जोर गेलेली पावडर वापरावी लागायची, मग मात्रा दुप्पट करावी लागायची आणि रिकाम्या गोण्यांचा ढीगही दुप्पट व्हायचा. वार्षिक दर करार एकदाच करून पुरवठा मात्र दरमहा घेणे, प्रत्येक खेप उतरवताना क्लोरीनचे प्रमाण तपासणे आणि देयक त्या प्रमाणात अदा करणे, एवढ्या बदलाने आमचा वापर कमी झाला. दर बदलला नाही, पुरवठादारही बदलला नाही. त्याचप्रमाणे उद्यान विभागाची खताची मागणी आली की आधी आपल्याच घनकचरा प्रकल्पावर किती खत पडून आहे ते विचारावे. राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने नगरपालिकांच्या खताला ओळख दिली आहे. खताची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तर स्वतःच्या बागांसाठी ते वापरायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. खरेदीचा प्रस्ताव येण्यापूर्वी साठा नोंदवही आणि जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही उघडून पाहण्याची सवय ज्या भांडारात असते, तेथे अर्ध्या मागण्या तेथेच मिटतात.

लेखापरीक्षणाची भीती आपल्या प्रश्नात सर्वांत ठळक आहे, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने लिहिते. माझ्या कारकिर्दीत अशा खरेदीवर दोनदा आक्षेप निघाले आणि दोन्ही वेळा चूक आमचीच होती. एकदा विनिर्देशात एका कंपनीच्या माहितीपत्रकातील परिमाणे जशीच्या तशी उतरवली गेली होती. त्यामुळे अर्थातच एकच पुरवठादार पात्र ठरला. दुसऱ्या वेळी जादा किमतीची कारणे आम्हाला माहीत होती, पण ती कोणी फाइलवर लिहिली नव्हती. आक्षेप आल्यानंतर दिलेले स्पष्टीकरण कितीही खरे असले तरी ते पश्चातबुद्धीचे वाटते. यावर उपाय म्हणजे प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीतच दीड पानाचा हिशेब जोडावा: वस्तू किती तास वापरली जाणार, विजेचा प्रत्यक्ष दर काय, अपेक्षित आयुष्य किती, देखभालीचा खर्च किती आणि या सगळ्यांची बेरीज साध्या वस्तूच्या बेरजेपेक्षा किती कमी. सोबत बाजारातील पाहणीची नोंद ठेवावी आणि हे विनिर्देश किमान तीन उत्पादक पूर्ण करतात हे त्यांच्या माहितीपत्रकांसह दाखवावे. निविदापूर्व बैठक घ्यावी आणि तेथे आलेल्या हरकतींवर काय निर्णय घेतला तो लेखी ठेवावा. स्थानिक निधी लेखापरीक्षेतील अधिकारी आकड्यांची भाषा जाणतात. त्यांना आधी मांडलेला आणि तपासता येईल असा हिशेब मिळाला, तर ते तो वाचतात, असा माझा अनुभव आहे. मुख्याधिकाऱ्यांची तोंडी सूचना मात्र पुरेशी समजू नका. त्यांच्याकडून लेखी आदेश घ्या किंवा सर्वसाधारण सभेचा धोरणात्मक ठराव करून घ्या. पदाधिकारी आणि मुख्याधिकारी बदलतात, ठराव राहतो.

गावातल्या छोट्या पुरवठादारांची काळजीही आपण करावी, असे मला वाटते. अटी कडक करताना उलाढालीची आणि अनुभवाची अटही नकळत वाढत जाते, आणि मग कापडी पिशव्यांसारखी जी वस्तू बचत गट सहज देऊ शकले असते, तिचे कामही जिल्ह्याबाहेर जाते. वस्तूविषयीची अट कडक असावी. पुरवठादार किती मोठा हवा याविषयीची अट कामाच्या आकाराएवढीच असावी. पिशवीचे कापड किती ग्रॅमचे, शिवण दुहेरी की एकेरी, किती वजन पेलले पाहिजे हे लिहा आणि नमुना भांडारात शिक्का मारून ठेवा. बचत गटाचे देयक तीस दिवसांत निघेल याकडे लक्ष द्या, कारण त्यांच्याकडे सहा महिने थांबण्याइतके भांडवल नसते.

वस्तू निकामी झाल्यावर तिचे काय होणार, हेही खरेदीच्याच दिवशी ठरवावे. निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून विकण्याच्या, लिलावात जास्तीत जास्त रक्कम यावी अशी अपेक्षा असते आणि जुने संगणक, यूपीएसच्या बॅटऱ्या, एलईडी ड्रायव्हर सरळ भंगारवाल्याकडे जातात. तेथे उघड्यावर तारा जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर आपल्याच गावाच्या अंगावर येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रियाकार यांच्याकडेच गेला पाहिजे आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. लिलावाच्या जाहिरातीतच ‘नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारच भाग घेऊ शकतील’ ही अट घातली, तर कमी रक्कम आली म्हणून कोणी बोट दाखवू शकत नाही. बॅटऱ्यांच्या बाबतीत नवीन घेतानाच जुन्या परत घेण्याचा दर मागावा; ते सर्वांत सोपे पडते.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: यंदा कोणत्या वस्तूपासून सुरुवात करावी. सगळी खरेदी एकदम बदलायला जाऊ नका. आपल्या विभागात माणसे किती असतील याची मला कल्पना आहे. अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत सभेपुढे जातो, त्यामुळे दिवाळीनंतरचे दोन महिने विभागांच्या मागण्या वाचण्यात घालवा. सर्वांत जास्त वीजबिल येणारा एक पंपसंच निवडा आणि त्याच्या बदलाचा प्रस्ताव वरील पद्धतीने तयार करा. टीसीएलचा पुढचा दर करार मासिक पुरवठ्याच्या अटीसह काढा, कारण त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. पथदिव्यांच्या विनिर्देशात बदलता येण्याजोगा ड्रायव्हर घाला. पहिल्या वर्षी एवढे पुरे. गुणांकनासाठी छायाचित्रे काढण्याजोग्या वस्तू या यादीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मुख्याधिकाऱ्यांना पंपघराच्या आधीच्या आणि नंतरच्या वीजबिलांची तुलना दाखवा, अभियानातील अग्नी या घटकाखाली ऊर्जाबचतीची नोंद म्हणून ती मांडता येईल.

पंपाचा हिशेब पहिल्यांदा करताना अडखळायला होते. आपल्या पंपावरील पाटीची माहिती, दाबमापकावरचे वाचन, टाकी भरायला लागणारा वेळ आणि टाकीची क्षमता, तसेच मागील बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटे येथे लिहा. दाबमापक बंद असेल, तर आधी तो बदलून घ्या. त्याची किंमत किरकोळ असते आणि त्याच्या वाचनाशिवाय पुढचे सगळे आकडे अंदाजाचे ठरतात. विहिरीतील पाण्याची पातळी आणि टाकीच्या तोंडाची उंची यांतला फरकही मोजून कळवा, म्हणजे जलवाहिनीतील घर्षणात किती शीर्ष जाते ते काढता येईल, आणि नव्या पंपासाठी विसर्ग व शीर्ष यांचे कोणते आकडे निविदेत लिहावेत ते मी आपल्याला सांगू शकेन.